गायकाचा कान आणि कारखान्याचा कारभार

कारखाना म्हटला की डोळ्यांपुढे यंत्रे, कामगार, कच्चा माल आणि हिशेबाच्या वह्या उभ्या राहतात. वस्तू कशी घडवावी हे जाणणारे अभियंते तेथे असतात. ती किती पैशांत पडली हे सांगणारे हिशेबनीस असतात. आणि ती गिऱ्हाइकाच्या गळी कशी उतरवावी हे जाणणारे विक्रेतेही असतात. परंतु मुळात कोणती वस्तू करावयाची, ती कोणासाठी करावयाची, तिच्यात काय असावे आणि काय नसावे, हे ठरवावयाचे कोणी? पूर्वी हा निर्णय मालकाच्या मर्जीवर आणि अंदाजावर सोपविलेला असे. पुढे कारखाने वाढले, एकाच छपराखाली दहा-वीस तऱ्हेच्या वस्तू होऊ लागल्या आणि एकट्या मालकाची नजर सर्वत्र पुरेनाशी झाली. तेव्हा या एकाच कामासाठी निराळा माणूस नेमण्याची प्रथा पडली. आज जगभर त्याला प्रॉडक्ट मॅनेजर या नावाने ओळखतात.

मराठीत त्याला ‘उत्पादन व्यवस्थापक’ म्हणावे तर घोटाळा होतो. कारण कारखान्यातील काम रोज सुरळीत चालविणाऱ्या अधिकाऱ्यालाही तेच नाव लागते. दोघांच्या कामांत मात्र मोठा फरक आहे. दुसऱ्याचे सारे लक्ष ‘कसे’ आणि ‘किती’ या प्रश्नांकडे असते; पहिल्याला ‘काय’ आणि ‘कशासाठी’ या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. या पदाची वंशावळ सांगताना नील मॅकलरॉय या अमेरिकन गृहस्थाचे नाव घेतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत काम करीत असताना त्याने १३ मे १९३१ या दिवशी आपल्या वरिष्ठांना तीन पानांचे एक टिपण लिहिले. प्रत्येक साबणाचे बरेवाईट पाहणारा स्वतंत्र माणूस असावा, आणि त्या साबणाचा खप घटला तर जाब त्यालाच विचारावा, असा त्या टिपणाचा आशय होता. हा मॅकलरॉय पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही होता.

अशा माणसाची निवड कशी करावयाची, हा प्रश्न त्या टिपणाइतकाच जुना आहे. नोकरीच्या अर्जात शिक्षण आणि अनुभव यांना मानाचे स्थान असते. सर्वांत खाली एक ओळ ‘आवडी व छंद’ यांसाठी राखून ठेवलेली असते. अर्जदार तेथे वाचन, संगीत, भटकंती असे दोन-चार शब्द लिहितो, आणि अर्ज तपासणाऱ्याची नजर त्या ओळीपर्यंत क्वचितच पोचते. नोकरी एका खोलीत आणि आवड दुसऱ्या खोलीत, मधले दार बंद, अशीच या दोहोंची व्यवस्था बहुतेकांनी मनाशी लावलेली असते. हे दार उघडे राहिले तर काय घडते, त्यापासून लाभ किती आणि हानी किती, हे एका माणसाच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते. तो माणूस म्हणजे जपानच्या सोनी कंपनीचे नोरिओ ओगा.

ओगा यांचा जन्म २९ जानेवारी १९३० रोजी नुमाझू या गावी झाला. फुजी पर्वताच्या दक्षिणेस, समुद्रकाठी वसलेले हे गाव आहे. घरचा व्यवसाय लाकडाचा. वाढीची सारी वर्षे युद्धाच्या छायेत गेली. बरोबरीची मुले कारखान्यांतील सक्तीच्या कामावर जात असताना ओगांना फुप्फुसाच्या आवरणाच्या विकाराने घरी बसविले. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांना दोन नाद लागले. एक संगीताचा आणि दुसरा विजेच्या उपकरणांचा. एरवी हे दोन नाद एका घरात सहसा नांदत नाहीत. गवय्याला तारांचे गुंतवळ पाहून कंटाळा येतो आणि यंत्रज्ञाला आलापी लांबल्यासारखी वाटते. ओगांच्या ठिकाणी मात्र त्यांची सोबत जन्मभर टिकली. युद्ध संपल्यावर ते टोकिओच्या राष्ट्रीय कला व संगीत विद्यापीठात दाखल झाले आणि १९५३ मध्ये तेथून पदवीधर होऊन बाहेर पडले. त्यांचा आवाज बॅरिटोन जातीचा, म्हणजे खर्ज आणि तार यांच्या मधल्या पट्टीतील भारदस्त पुरुषी आवाज होता. पाश्चात्त्य संगीतिकांतून गावे, एवढीच त्यांची त्या वेळची महत्त्वाकांक्षा होती.

याच सुमारास टोकिओत एक लहानशी कंपनी टेपरेकॉर्डर बनविण्याच्या खटपटीत होती. मासारू इबुका आणि आकिओ मोरिता यांनी ती १९४६ मध्ये स्थापन केली होती. तिचे नाव ‘टोकिओ त्सुशिन कोग्यो’ असे लांबलचक होते; सोनी हे सुटसुटीत नाव तिने १९५८ मध्ये घेतले. तिचा पहिला टेपरेकॉर्डर १९५० मध्ये बाजारात आला. ते एक अवजड धूड होते, त्याची किंमत १,६०,००० येन होती आणि सुरुवातीस त्याची फीत चक्क कागदाची होती. युद्धात होरपळलेल्या देशात असल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. न्यायालये आणि शाळा यांच्यावरच कंपनीची भिस्त होती.

हे यंत्र संगीताच्या विद्यार्थ्याच्या कानाला पडले तेव्हा त्याने नाक मुरडले. फितीची गती किंचित कमीजास्त झाली तरी सूर हलतो. भाषण ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही. पण लांबविलेला स्थिर स्वर थरथरू लागला की गायकाला तो दोष टोचतो. ओगांनी कंपनीला आपली टीका कळविली. यंत्रात कोठे काय चुकते आणि ते कसे सुधारता येईल, हे त्यांनी नेमकेपणाने मांडले होते. नर्तकीला जसा आरसा लागतो तसा गायकाला सुरांचा आरसा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. नर्तकी आरशात पाहून आपली चूक जागच्या जागी सुधारते; गायकाला मात्र स्वतःचा आवाज स्वतःच्याच डोक्यातून ऐकावा लागतो आणि तो कधीच खरा नसतो. टेपरेकॉर्डर हा त्याचा आरसा होऊ शकेल. पण आरसाच वेडावाकडा असला तर चेहरा दुरुस्त कसा व्हायचा?

तानपुरा लावताना तासतास खर्ची घालणाऱ्या गवय्यांच्या देशात हे म्हणणे समजावून सांगण्याची गरज नाही. विशेष हे, की इबुका आणि मोरिता यांना या टीकेचा राग आला नाही. आपले यंत्र ज्याच्यासाठी आहे तो माणूस आपण होऊन दारात आला आहे, हे त्यांनी ओळखले. अभियंत्यांना मोजमापे घेता येत होती; परंतु कोणते माप महत्त्वाचे आणि कोणते क्षम्य, हे सांगणारे कान त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी या विद्यार्थ्याला सल्लागार नेमले आणि त्याला मानधन सुरू केले. शिक्षण चालू असताना, आणि पुढे जर्मनीत गायनाचा अभ्यास करीत असतानाही, ओगांचा या कंपनीशी संबंध टिकून राहिला. बर्लिनच्या संगीत विद्यालयाचा अभ्यासक्रम त्यांनी १९५७ मध्ये पुरा केला. मिदोरी मात्सुबारा या पियानोवादक तरुणीशी त्यांचा विवाहही त्याच वर्षी झाला.

गाणे सोडून कारखान्यात येण्याचा विचार ओगांच्या मनात नव्हता. मोरितांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. युरोप-अमेरिकेच्या एका प्रवासात दोघे बरोबर असताना ओगा कंपनीतील दोष एकामागून एक सांगत राहिले, आणि मोरिता ते ऐकून घेत राहिले. इतके दोष दिसत असतील तर आत येऊन ते दुरुस्त करावेत, असा मोरितांचा आग्रह होता. गाणे सोडावे लागणार नाही, असे आश्वासनही मिळाले. अखेर १९५९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ओगा सोनीत दाखल झाले आणि टेपरेकॉर्डरच्या विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

दोन्ही संसार एकाच वेळी चालवण्याचा हा प्रयोग फार काळ टिकला नाही. दिवसा कारखाना आणि रात्री रंगभूमी असा क्रम सुरू झाला. मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या संगीतिकेत ते उमरावाची भूमिका करीत होते. एका प्रयोगाच्या वेळी, दिवसभराच्या कामाने थकलेले ओगा पडद्यामागे बसल्या बसल्या झोपी गेले. आपल्या प्रवेशाचे संगीत कानावर पडताच ते दचकून उठले आणि धावत रंगमंचावर गेले. पण यावयाचे एका बाजूने, ते आले दुसऱ्याच बाजूने. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी असल्या फजितीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या असतील आणि त्यांना त्याचे हसू येईल. ओगांनी मात्र ही घटना हसण्यावारी नेली नाही. अर्ध्या मनाने गाणे हा गाण्याचा अपमान आहे आणि अर्ध्या मनाने कारभार करणे हे कारभाराचे नुकसान आहे, हे त्यांनी जाणले. त्यांनी व्यावसायिक गायन सोडले.

हा त्याग लहान नव्हता. ज्या विद्येसाठी तारुण्याची दहा वर्षे खर्ची घातली, ती विद्या आता जगाच्या दृष्टीने ‘छंद’ या सदरात जमा झाली. अर्जाच्या मथळ्याशी असलेला शब्द एका दिवसात तळाच्या ओळीवर गेला. पण तो तेथे निपचित पडून राहिला नाही, आणि यातच ओगांच्या पुढील कारकिर्दीचे मर्म आहे.

सोनीत त्यांनी प्रथम वस्तूच्या रूपाकडे लक्ष दिले. १९६१ मध्ये त्यांनी रचनाकारांचा स्वतंत्र विभाग उभारला आणि जाहिरातीचे कामही आपल्या देखरेखीखाली घेतले. तोवर यंत्राच्या आतील भाग अभियंत्याने ठरवावा आणि पेटीचे रूप कोणीतरी शेवटी उरकावे, अशी रीत होती. वाद्याचा घाट आणि त्याचा नाद एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत पटणे शक्य नव्हते. वस्तू हाताला कशी लागते, तिचे बटण किती दाबावे लागते, ती खोलीत कशी शोभते, या गोष्टींना त्यांनी अभियंत्याच्या कामाइतकेच महत्त्व दिले.

दुसरे मोठे काम कॅसेटच्या संदर्भातील आहे. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये लहानशी कॅसेट जगापुढे आणली. ती जगभर पसरावी तर अनेक कारखान्यांनी ती एकाच मापाची केली पाहिजे, आणि फिलिप्सने तर प्रारंभी प्रत्येक नगामागे स्वामित्वशुल्क मागितले होते. वाटाघाटींत सोनीच्या बाजूने ओगा होते. त्यांनी ताणून धरले, आणि १९६५ मध्ये फिलिप्सने शुल्क सोडून दिले. मग ज्याला हवे त्याने कॅसेट करावी, एवढेच की तिचे माप बदलू नये, असे ठरले. या करारामागे व्यापारी चातुर्य होतेच. पण फीत सर्वांच्या हाती गेली तरच गाणे सर्वांच्या घरी जाईल, हा त्याचा परिणाम व्यापाराहून मोठा ठरला. भारतात १९८० नंतरच्या दशकात भजने, कीर्तने, अभंग आणि लोकगीते यांच्या कॅसेटी गावोगावच्या बाजारांत, एस. टी. स्थानकांवर आणि यात्रांमधून विकल्या गेल्या. ग्रामोफोन विकत घेण्याची ज्यांची कधी ऐपत नव्हती, त्यांच्या घरी गाणे पोचले. त्या प्रसाराची अनेक कारणे होती. परंतु कॅसेटचे माप एक आणि तिच्यावरचा स्वामित्वाचा कर माफ, ही गोष्ट त्यांच्या मुळाशी होती.

यानंतर ओगा ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायातही शिरले. अमेरिकेच्या सी.बी.एस. कंपनीच्या भागीदारीत सोनीने १९६८ मध्ये रेकॉर्ड काढणारी कंपनी स्थापन केली आणि तिची जबाबदारी ओगांवर पडली. दहा-अकरा वर्षांत ती जपानातील अग्रगण्य कंपन्यांत गणली जाऊ लागली. यंत्र करणारा आणि गाणे काढणारा अशा दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. त्यामुळेच पुढील कामात त्यांचे पारडे जड ठरले.

ते काम म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजेच सीडी. एकोणिसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फिलिप्स आणि सोनी या दोन्ही कंपन्या प्रकाशकिरणाने वाचता येईल अशी तबकडी करण्याच्या प्रयत्नात होत्या. आवाजाचे अंकांत रूपांतर करावयाचे, ते अंक सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने तबकडीवर कोरावयाचे आणि लेसर किरणाने ते वाचून पुन्हा आवाज निर्माण करावयाचा, अशी ही युक्ती आहे. सुई घासत नसल्यामुळे तबकडी झिजत नाही आणि खरखर ऐकू येत नाही. मार्च १९७९ मध्ये फिलिप्सने आइंडहोवन येथे आपला नमुना वार्ताहरांना दाखविला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी मिळून एकच प्रमाण ठरविण्याचे मान्य केले आणि १९८० मध्ये ते ठरले.

या वाटाघाटींत दोन प्रश्नांवर मतभेद झाले. पहिला प्रश्न आवाजाच्या बारकाव्याचा. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घ्यावयाचे, हे ठरले. पण प्रत्येक माप किती काटेकोर असावे? फिलिप्सचा प्रस्ताव १४ अंकस्थानांचा होता. त्यात आवाजाच्या १६,३८४ पायऱ्या होतात. सोनीने १६ अंकस्थानांचा आग्रह धरला. त्यात ६५,५३६ पायऱ्या मिळतात. अखेर सोनीचे म्हणणे मान्य झाले. दुसरा प्रश्न तबकडीच्या आकाराचा होता. फिलिप्सने साडेअकरा सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे एक तास वाजणारी तबकडी सुचविली होती. ओगांना ती अपुरी वाटली. बीथोव्हेनची नववी सिंफनी मध्ये न तोडता एका तबकडीवर मावली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, असे सोनीच्या इतिहासात सांगितले जाते. फुर्टव्हेंगलर या संचालकाने १९५१ मध्ये बायरॉइट येथे सादर केलेली ती सिंफनी सुमारे ७४ मिनिटे चालली होती. तबकडी १२ सेंटिमीटरांची झाली आणि तिच्यावर सुमारे ७५ मिनिटांचे संगीत मावू लागले.

ही कथा मोठी गोड आहे, म्हणूनच तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. फिलिप्सच्या बाजूने या कामात असलेल्या एका तज्ज्ञाने पुढे निराळे कारण सांगितले. साडेअकरा सेंटिमीटरांच्या तबकड्या काढण्याची फिलिप्सच्या गोटातील कारखान्याची तयारी आधीच झाली होती. आकार बदलला की दोन्ही पक्ष पुन्हा एकाच रेषेवर येणार होते. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असणे अशक्य नाही. व्यापारात हेतू बहुधा एकेकटे येत नाहीत. परंतु व्यापारी हेतू ज्या शब्दांत मांडला गेला ते शब्द संगीताचे होते, आणि ते खोटे वाटू नयेत असा माणूस ते बोलत होता, ही गोष्ट विसरता येत नाही. ती अट कोणा विक्री-अधिकाऱ्याने घातली असती तर तिच्यात कोणाला सौद्यावाचून काही दिसले नसते.

वेळेच्या या अटीचे महत्त्व भारतीय श्रोत्याला तर अधिकच पटेल. ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांना तेवढ्या अवकाशात अख्खा राग कोंबावा लागला. त्यांनी ते ज्या कौशल्याने केले ते थोर आहे. पण त्यांच्या मैफलीचा विस्तार त्या रेकॉर्डींत मावला नाही, आणि तो आज कोणालाही ऐकता येत नाही. एल. पी. आली तेव्हा एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली. पण विलंबित ख्यालाला तीही तोकडीच. यंत्राचे माप ठरविणारा माणूस, कळत-नकळत, कलेचेही माप ठरवीत असतो. तो स्वतः कलेचा जाणकार आहे की नाही याने, पुढच्या पिढ्यांना काय ऐकावयास मिळेल हे ठरते.

सीडीचे स्वागत एकमुखाने झाले नाही. १९८१ मध्ये अथेन्स येथे भरलेल्या रेकॉर्ड व्यवसायाच्या परिषदेत तिला कडाडून विरोध झाला. जुन्या रेकॉर्डींचे कारखाने, त्यांतील भांडवल आणि सवयी यांचा तो प्रश्न होता. त्याच वर्षी साल्झबर्ग येथे हर्बर्ट फॉन कारायान या विख्यात संगीत-संचालकाने मात्र नव्या तबकडीचा जाहीर पुरस्कार केला. कारायान आणि ओगा यांची जुनी मैत्री होती आणि विमान चालविण्याचा छंदही दोघांना होता. ओगांकडे वैमानिकाचा परवाना होता आणि कंपनीचे विमान ते कधी कधी स्वतः चालवीत. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचे पहिले सीडी वाजविणारे यंत्र १,६८,००० येन किमतीला जपानात विक्रीस आले. त्याच वर्षी ओगा सोनीचे अध्यक्ष झाले. पुढील चार-पाच वर्षांत जपानात सीडीने एल. पी.ला मागे टाकले.

येथवर चरित्र यशाचे आहे. पण आवडीचा कौल नेहमीच बरोबर असतो असे मानणे ही भाबडेपणाची परिसीमा होईल. यंत्र आणि कलाकृती या दोहोंची मालकी एकाच हाती असावी, हा ओगांचा विश्वास सीडीच्या अनुभवाने दृढ झाला होता. सोनीने १९८८ मध्ये सी.बी.एस. रेकॉर्ड्‌स ही कंपनी २०० कोटी डॉलर्सना विकत घेतली, आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स ही हॉलिवूडची चित्रपटसंस्था ३४० कोटी डॉलर्सना घेतली. संगीताचा व्यवसाय ओगांच्या अंगवळणी पडलेला होता, चित्रपटाचा नव्हता. हॉलिवूडचा कारभार ज्यांच्यावर सोपविला त्यांच्या खर्चाला आवर राहिला नाही, आणि १९९४ मध्ये सोनीला सुमारे २७० कोटी डॉलर्सची रक्कम बुडीत खाती टाकावी लागली. एका कलेतील कान दुसऱ्या कलेत डोळ्यांचे काम करीत नाही, हा धडा महाग पडला. पुढे, ओगांनी अध्यक्षपद सोडल्यानंतरच्या काळात, गाणी तबकडीवाचून संगणकाच्या साहाय्याने फिरू लागली तेव्हा रेकॉर्ड कंपनीची मालकीच सोनीच्या पायांत घोटाळू लागली. गाण्यांचे हक्क जपावेत की सोयीचे यंत्र करावे, या ओढाताणीत वेळ गेला, आणि अॅपल कंपनीच्या आयपॉडने २००१ नंतर ते क्षेत्र काबीज केले. जो संयोग १९८२ मध्ये बळ ठरला होता तोच वीस वर्षांनी ओझे झाला.

याच्या उलट एक प्रसंग आहे. सोनीतील केन कुतारागी नावाच्या अभियंत्याला खेळाचे यंत्र तयार करावयाचे होते. निंटेंडो या कंपनीशी झालेला करार १९९१ मध्ये फिसकटला, आणि खेळण्यांच्या धंद्यात सोनीसारख्या कंपनीने पडू नये असे तिच्यातील अनेक वरिष्ठांचे मत होते. १९९२ मध्ये ओगांनी कुतारागीच्या बाजूने निर्णय दिला, आणि विरोधकांच्या कटकटीपासून दूर राहावे म्हणून त्याला संगीत कंपनीच्या कचेरीत जागा दिली. डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन बाजारात आले आणि काही वर्षांतच ते सोनीच्या मिळकतीचा मोठा आधार बनले. येथे गायकाच्या कानाचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला तो निराळ्याच गोष्टीचा. ज्याने स्वतः एका ध्यासासाठी कंपनीवर टीका केली होती आणि जिचे ऐकून घेतले गेले होते, त्याला दुसऱ्याच्या ध्यासाची पारख करता आली. चाळीस वर्षांपूर्वी इबुका आणि मोरिता ज्या खुर्चीवर बसले होते त्या खुर्चीवर आता ओगा होते, आणि दारात नवा टीकाकार उभा होता.

सोडलेले गाणे ओगांच्या आयुष्यात परत आले ते वाद्यवृंदाच्या संचालकाच्या रूपाने. साठीच्या आसपास त्यांनी हाती छडी घेतली आणि अनेक वाद्यवृंदांचे संचालन केले. नोव्हेंबर २००१ मध्ये बीजिंग येथे टोकिओच्या वाद्यवृंदाचे संचालन करीत असतानाच मेंदूतील रक्तस्रावाने ते रंगमंचावर कोसळले. अनेक आठवडे ते बेशुद्ध होते. त्यातूनही ते वाचले. निवृत्तीनिमित्त मिळालेली मोठी रक्कम त्यांनी कारुइझावा या डोंगराळ गावी संगीतगृह उभारण्यासाठी दिली. सुमारे ८०० आसनांचे हे पंचकोनी सभागृह २००५ मध्ये सुरू झाले. कोठेही बसले तरी आवाज सारखा ऐकू यावा हा त्या आकारामागील हेतू होय. २३ एप्रिल २०११ रोजी, ८१ व्या वर्षी, ओगा निवर्तले.

आज भारतातही बंगळुरू, पुणे, हैदराबाद या शहरांतून हजारो तरुण प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम करतात. बरेचसे अभियांत्रिकी शिकून येतात, काही व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन येतात. आलेख वाचणे, गिऱ्हाइकांच्या मुलाखती घेणे, वेळापत्रक आखणे, ही या धंद्याची हत्यारे शिकता येतात आणि शिकलीही पाहिजेत. परंतु आलेखातून कळते ते झाले गेले. गिऱ्हाइकाला विचारावे तर जे त्याने पाहिलेच नाही ते तो मागू शकत नाही. १९५० मध्ये टोकिओत कोणी चाचणी घेतली असती तर सुरांच्या आरशाची मागणी एकानेही नोंदविली नसती. ती मागणी ज्याला स्वतःच्या रियाजात नड भासत होती त्याच्याच तोंडून आली.

म्हणून अर्जाच्या तळाशी असलेल्या त्या ओळीकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. जो रविवारी सह्याद्रीत चढतो त्याला पाठपिशवीचा पट्टा कोठे काचतो हे कोणी सांगावे लागत नाही. जी आजारी सासूची शुश्रूषा करते तिला औषधाच्या बाटलीवरील अक्षर किती बारीक असते हे ठाऊक असते. असली जाण कामाच्या तासांत मिळत नाही; ती कामाबाहेर जगलेल्या आयुष्यातून येते. तिला मर्यादा आहेत, हे हॉलिवूडच्या प्रकरणाने दाखविले. आणि तिची किंमत मोजावी लागते, हे फिगारोच्या त्या रात्रीने दाखविले. तरीही वस्तू वापरणाऱ्याच्या वतीने कारखान्यात उभे राहावयाचे असेल, तर त्या माणसाने एके काळी, कोठेतरी, स्वतः मनापासून काहीतरी वापरलेले असले पाहिजे आणि त्यातील उणीव त्याला बोचलेली असली पाहिजे. एका विद्यार्थ्याला थरथरणारा सूर बोचला, आणि त्याची तक्रार ऐकून घेणारे दोघे जण त्याला भेटले. जगाच्या घराघरांत पोचलेल्या संगीताची एक वाट त्या तक्रारीपासून निघते.